कधीकधी पाय सुजतात

भाऊसाहेबांचं म्हणणं असं होतं की छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही ओळ चुकीची लिहिली नाही, आणि निवृत्तीनंतर फक्त एक लिहिली. ती तीन शब्दांची होती. ती खोडून घेण्यासाठी त्यांनी सात महिने घालवले, अकरा अर्ज केले, आणि तालुक्याच्या बसच्या कंडक्टरशी इतकी ओळख वाढवली की तो आधी त्यांच्या बायकोची तब्येत विचारायचा आणि मग तिकीट फाडायचा.

ओळ अशी होती : 'कधीकधी पाय सुजतात.'

पाय भाऊसाहेबांचे नव्हते, त्यांच्या बायकोचे होते. गाव तिला वहिनी म्हणतं, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

ही ओळ आरोग्य विम्याच्या फॉर्मवर, चौदाव्या रकान्यात लिहिली गेली. रकान्याचं नाव 'यापूर्वीच्या तक्रारी'. भाऊसाहेब निवृत्त झाले त्याच महिन्यात घरी फॉर्म आला. आणणारा वहिनींचा मावसभाऊ. त्याला लोक 'पॉलिसीमामा' म्हणायचे, कारण तो कुणाच्याही घरी गेला की चहा पिऊन होईपर्यंत त्या माणसाला आपल्या मरणाची पुरेशी कल्पना आलेली असे. तो म्हणाला, "भावोजी, चौदावा सोडून द्या. कोरा चालतो."

आता भाऊसाहेबांना कोरा चालतो म्हणणं म्हणजे पुजाऱ्याला देव्हाऱ्यात चपला चालतात म्हणण्यासारखं होतं. सरकारी कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. येणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून आत जाई आणि जाणारा प्रत्येक त्यांच्याच टेबलावरून बाहेर पडे. या दोन प्रवासांत त्यांनी एक तत्त्व पाळलं : रकाना रिकामा राहता कामा नये. रिकामा रकाना म्हणजे उघडं दार. कोण येईल आणि तिथं काय लिहून जाईल, सांगता येत नाही. एका विधवेचा अर्ज 'पतीचा व्यवसाय' कोरा आहे म्हणून त्यांनी परत केला होता. बाईनं तिथं 'विश्रांती' असं लिहून आणलं, आणि भाऊसाहेबांनी तो शिक्का मारून आत घेतला.

स्वतःच्या फॉर्ममध्ये त्यांनी 'दाढ दुखते (डावी, वरची)' असं लिहिलं. मग वहिनींचा फॉर्म पुढे ओढला आणि बाहेरच्या खोलीतून विचारलं, "अगं, तुला काय होतंय?"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "मला काय होतंय?"

हे उत्तर रकान्यात बसणारं नव्हतं. कुणी म्हणेल, सरळ 'निरंक' लिहायचं. कारकुनी भाषेत 'काही नाही' याला तोच शब्द आहे, आणि भाऊसाहेबांना तो प्रिय होता. पण अपत्यांच्या रकान्यात त्यांनी 'निरंक' आधीच लिहिलं होतं, आणि एकाच कागदावर दोन वेळा निरंक आलं की वरच्या कचेरीत शंका घेतात, असा त्यांचा अनुभव होता. ते जरा वेळ छताकडे बघत बसले. कुठून तरी, कधीतरी पाहिलेलं काहीतरी आठवलं, आणि त्यांनी त्या तीन शब्दांनी रकाना भरून टाकला. खाली वहिनींची सही घेतली. वहिनींनी ओल्या हातानं सही केली, त्यामुळे शेवटचं अक्षर फिसकटलं. भाऊसाहेबांनी 'सही ओली, परंतु खरी' असा शेरा बाजूला मारला.

पाच वर्षं हप्ते वेळच्या वेळी गेले. सहाव्या वर्षी वहिनींच्या किडन्या गेल्या.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आठवड्यातून तीन वेळा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागेल. किती दिवस, असं भाऊसाहेबांनी विचारलं, कारण मुदतीचा रकाना त्यांच्या डोक्यात रिकामा होता. डॉक्टर म्हणाले, "कायम." मग जरा थांबून म्हणाले, "तीन वेळा झालं तर बरंच चालतं. दोन वेळा केलं तर पाणी साठत राहतं अंगात. तुम्ही ठरवा."

हे ठरवण्याचं काम डॉक्टर नेहमीच आपल्यावर सोपवतात. एवढा एक मान आपल्याला मिळतो.

भाऊसाहेब निर्धास्त होते. आपण विमा उतरवलेला आहे, रकाने भरलेले आहेत, पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत. कंपनीचं पत्र आलं, ते त्यांनी सवयीनं आधी आवक वहीत नोंदवलं (घरीही त्यांची आवक वही होती) आणि मग वाचलं. पत्रात लिहिलं होतं की अर्जदार महिलेनं पाय सुजत असल्याचं स्वतःच नमूद केलं आहे. पाय सुजणं हे किडनीच्या आजाराचं लक्षण आहे. सबब आजार विम्याच्या आधीपासूनचा आहे. सबब खर्च देय नाही. दोन 'सबब' एका पत्रात. भाऊसाहेबांना भाषा आवडली. मग अर्थ लक्षात आला.

मग तिनाचे दोन झाले. मंगळवार आणि शुक्रवार. आधी वहिनींच्या सोन्याच्या बांगड्या गेल्या, मग घरामागची जागा गेली, मग भाऊसाहेबांची स्कूटर. स्कूटर विकताना वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही ती चालवायचात तेव्हा मला जास्त भीती वाटायची." सकाळी सहाच्या बसनं निघायचं, दोन तासांनी तालुका, चार तास यंत्र, पुन्हा दोन तास बस. येताना वहिनी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसायच्या. कंडक्टर खड्ड्याच्या आधी ड्रायव्हरला हाक मारून सांगायचा, "हळू घे, आपली वहिनी आहे मागं."

सगळा प्रश्न तिसऱ्या फेरीचा होता. ओळ खोडली गेली की कंपनी पैसे देणार, आणि तिसरी फेरी सुरू होणार. भाऊसाहेबांनी हे इतकं सोपं करून मांडलं होतं की त्यांना कधीकधी वाटे, बायको आजारी नाहीच, फक्त एक दुरुस्ती अर्ज प्रलंबित आहे.

विमा कंपनीच्या तालुक्याच्या कचेरीत एक मॅडम बसायच्या. वयानं तरुण, बोलायला अत्यंत गोड, आणि गोड बोलणारा माणूस समोर असला की भांडता येत नाही ही मोठीच अडचण. त्या म्हणाल्या, "काका, ओळ चुकून लिहिली गेली असेल तर आपण दुरुस्त करू ना. फक्त त्या वेळी पाय सुजत नव्हते, याचा त्या काळातला एखादा कागद आणा."

भाऊसाहेब आनंदानं बाहेर पडले. कागद हा त्यांचा प्रांत होता. बस अर्ध्या वाटेवर आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की निरोगी असल्याचा कागद माणसाला मिळण्याची सोयच नाही. कागद हवा तर दवाखान्यात जावं लागतं, आणि दवाखान्यात जायचं तर काहीतरी झालेलं असावं लागतं. वहिनी तर पन्नास वर्षांत दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. जो माणूस कधी आजारीच पडला नाही त्याच्यापाशी कसलाच पुरावा नसतो.

शेजारच्या कंपाउंडरांनी मात्र धीर दिला. गावच्या डॉक्टरांकडे त्यांनी तीस वर्षं गोळ्यांच्या पुड्या बांधल्या होत्या, आणि डॉक्टर वारल्यावर आता तेच डॉक्टर आहेत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ते म्हणाले, डॉक्टरसाहेब प्रत्येक पेशंटचं लिहून ठेवायचे, वहिनी एकदा तापासाठी आल्या होत्या असं पुसटसं आठवतं, त्या कागदावर पायांचा उल्लेख नसणार, आणि उल्लेख नसणं हाच उल्लेख. भाऊसाहेबांना हा युक्तिवाद फारच पटला. कागद कुठे आहेत, विचारलं. डॉक्टरांच्या मुलानं सगळे रद्दीत घातले होते, आणि रद्दी शेंगदाणेवाल्यानं घेतली होती.

आठवडाभर भाऊसाहेबांनी शेंगदाणे खाल्ले. रोज दहा पुड्या. पुडी रिकामी केली की कागद उलगडून चष्म्यासमोर धरायचे. हाती आलं काय, तर कुणाचा तरी खोकला (कोरडा), एका अनामिकाचा मूळव्याध, आणि स्वतःचं पित्त. मूळव्याधाचं अक्षर वाचून कंपाउंडर म्हणाले, "हा कोण ते मी ओळखलं, पण सांगणार नाही." आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगून आले.

मग प्रमाणपत्राची कल्पना निघाली. गावातल्या अकरा प्रतिष्ठितांच्या सह्या घ्यायच्या : 'सदर महिलेचे पाय सदर वर्षी सुजलेले आम्ही पाहिले नाहीत.' मजकूर भाऊसाहेबांनी स्वतः बनवला आणि त्यात दोन ठिकाणी सदर आल्यामुळे त्यांना तो भक्कम वाटला. अकराच्या अकरा सह्या एका दिवसात झाल्या. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवाल्यानं येऊन आपली सही परत मागितली. त्याच्या बायकोनं त्याला विचारलं होतं, की सहा वर्षांपूर्वी तुम्ही वहिनींचे पाय कशाला बघत होता? दुपारपर्यंत आणखी तीन सह्या गेल्या. उरलेल्या सात घेऊन भाऊसाहेब तालुक्याला गेले. मॅडमनी वाचलं आणि गोड आवाजात विचारलं, "पण काका, यांनी पाय पाहिले होते का?"

भाऊसाहेब म्हणाले, "नाही. तेच तर लिहिलंय."

फोटोंचंही तेच झालं. घरात वहिनींचे नऊ फोटो होते. नऊही फोटोंत फोटोग्राफरनं त्यांना घोट्याच्या वर कापलं होतं. भाऊसाहेब त्या फोटोग्राफराकडे जाऊन भांडून आले. तो म्हणाला, "साहेब, आजवर लोकांनी चेहऱ्यासाठीच फोटो काढले. पायांची तक्रार घेऊन येणारे तुम्ही पहिले."

या सगळ्यात वहिनी काय म्हणत होत्या? फारसं काही नाही. एकदा म्हणाल्या, "राहू द्या ना ती ओळ. कुणाचं काय खातेय?" भाऊसाहेबांनी त्यांना समजावून सांगितलं की ती ओळ आठवड्याला एक फेरी खातेय. त्यावर त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. भाऊसाहेबांना वाटलं, समजलं.

चपलेची गोष्ट सुचली ती यंत्राच्या खोलीबाहेर. आत जाताना पेशंटनं चपला बाहेर काढायच्या असत. बाकाखाली ओळीनं ठेवलेल्या त्या चपलांकडे भाऊसाहेब चार-चार तास बघत बसत. भिंतीवरचा पाणी कमी पिण्याचा तक्ता त्यांचा पाठ झाला होता, दाराच्या चौकटीतले खिळे मोजून झाले होते. त्या शुक्रवारी त्यांनी वहिनींची डावी चप्पल उचलून सहज उलटी केली, तर तळाला सुईनं कोरलेलं एक चिन्ह दिसलं. आणि ते एकदम ताठ बसले.

मापवाले!

गावच्या बस थांब्याशी टपरी असलेल्या चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मापवाले म्हणत. दर वेळी नवं माप घेतल्याशिवाय ते चप्पल शिवत नसत. गेल्याच वर्षी घेतलंय की, असं कुणी म्हटलं तर म्हणत, "गेल्या वर्षी तुम्ही वेगळे होता." गिऱ्हाइकाचं पाऊल वहीच्या पानावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची, खाली तारीख, नाव आणि एखादा शेरा. गावातल्या प्रत्येक पायाचा असा इतिहास त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होता.

आणि हा इतिहास वहीत होता, तोही भाऊसाहेबांच्याच कृपेनं. वीसेक वर्षांपूर्वी टपरीच्या परवान्यासाठी मापवाले जुन्या मापाचं एक सुटं पान पुरावा म्हणून कचेरीत घेऊन आले होते. भाऊसाहेबांनी ते दोन बोटांनी परत सरकवलं होतं. सुटं पान चालत नाही. शिवलेली वही आणा. पानांना क्रमांक घाला. मापवाल्यांना पाच महिने खेटे पडले. तेव्हापासून ते स्वतःच्या हातानं, चपलेच्याच दोऱ्यानं वह्या शिवत आणि प्रत्येक पानाला नंबर घालत. वह्या अशा मजबूत की सहजासहजी उसवणार नाहीत.

शनिवारी सकाळी भाऊसाहेब टपरीवर गेले. मापवाल्यांनी काही न विचारता पेटी उघडून त्या वर्षांची वही काढून दिली. भाऊसाहेब स्टुलावर बसून पानं उलटू लागले. कंपाउंडरांचे पाय, गिरणीवाल्याचे पाय (डाव्या अंगठ्याला कुरूप, हा शेरा), सगळं गाव आडवं पडलेलं. सतराव्या पानावर वहिनी सापडल्या. अरुंद, सरळ पाऊल, बोटं नीट एकापाशी एक. शेरा : 'दोन्ही सारखे. पट्टा नेहमीचा.' तारीख, फॉर्म भरण्याच्या सव्वा वर्ष आधीची. भाऊसाहेबांना त्या पेन्सिलीच्या रेषेकडे पाहून गहिवरून आलं. असा कागद त्यांना छत्तीस वर्षांत कुणी आणून दिला नव्हता.

"पुढेही आहे एक," मापवाले म्हणाले. ते कातडं तासत होते; त्यांनी वर पाहिलं नाही.

त्रेचाळिसाव्या पानावर पुन्हा वहिनींचं नाव होतं. भाऊसाहेबांना आधी वाटलं, नाव लिहिताना चूक झाली. हे पाऊल दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. कडा फुगलेल्या, बोटांमधल्या फटी गेलेल्या, घोट्याकडची रेघ पानाच्या बाहेर गेलेली. तारीख पाहिली. फॉर्म भरण्याच्या तीन आठवडे आधीची. खाली मापवाल्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं : 'रोज संध्याकाळी सूज. पट्टा सैल ठेवणे. भाऊसाहेबांना कळवू नये.'

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो पूर्ण जाईपर्यंत भाऊसाहेबांनी शेरा दोनदा वाचला.

"कळवू नये म्हणजे?"

"त्या म्हणाल्या, साहेबांना रिटायर व्हायला थोडे दिवस राहिलेत, आत्ता डोक्याला घोर नको. मग चप्पल शिवून दिली. नंतर विचारलं तर म्हणाल्या, घरी माहीत आहे आता."

"घरी माहीत आहे?"

"असं म्हणाल्या."

भाऊसाहेबांनी वही मिटली. पुन्हा उघडली. सतरावं पान काढलं. आयुष्यात त्यांनी कुठल्याही वहीचं पान फाडलं नव्हतं. फाडणाऱ्या दोघांना नोकरीतून घालवलं होतं. त्यांनी त्या पानाचा कोपरा चिमटीत धरला, सोडला, पुन्हा धरला. मापवाल्यांनी ते पाहिलं. कातडं तासायची रापी त्यांनी कापडाला पुसली आणि मुठीकडून पुढे केली.

"फाडू नका," ते म्हणाले. "शिवण उसवेल. कडेनं कापा."

सोमवारी भाऊसाहेबांनी पान मॅडमना दिलं. पाय पाहून मॅडम खूश झाल्या. असा पुरावा मी पहिल्यांदाच बघतेय, म्हणाल्या, आणि तो वरच्या कचेरीला पाठवून दिला. तीन आठवडे भाऊसाहेब कुणाशी धड बोलले नाहीत. कंपाउंडरांनी सगळ्यांना सांगितलं की भाऊसाहेबांचं काम झालेलं आहे, माणूस काम झालं की असाच चढून जातो.

मग उत्तर आलं. भाऊसाहेबांनी ते आवक वहीत नोंदवलं.

'आपण सादर केलेले पान सुटे आहे. त्यावर पृष्ठ क्रमांक १७ असल्याचे दिसून येते, सबब ते वहीचा भाग आहे. पृष्ठ क्रमांक १ पासून अखेरपर्यंत शिवलेली संपूर्ण वही सादर करावी. सुटे पान ग्राह्य धरता येत नाही. मूळ कागद परत केला जाणार नाही.'

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा भाऊसाहेब हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, चष्मा कपाळावर सरकवून. त्यांना हसताना पाहून वहिनींना बरं वाटलं.

"झालं का काम?"

"उत्तर फार चांगलं लिहिलंय," भाऊसाहेब म्हणाले. "मीच लिहिल्यासारखं."

त्यांनी पत्र वाचून दाखवलं. मग पानाबद्दल सांगावं लागलं, मग रापीबद्दल, मग त्रेचाळिसाव्या पानाबद्दल. तेवढ्यापुरतं तरी त्यांना वाटलं होतं की बायको चकित होईल, निदान सापडल्यासारखी होईल. वहिनी समोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि दोन्ही पाय स्टुलावर घेतले होते, कारण तो सोमवार होता आणि सोमवारी पाय सगळ्यात जड असत.

"मापवाल्यांनी सांगितलं वाटतं शेवटी," त्या म्हणाल्या.

"वहीनं सांगितलं. तू का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते, तुम्ही रिटायर झाल्यावर. पण मी सांगायच्या आधी तुम्हीच फॉर्मवर लिहिलंत. सही करताना वाचलं मी. हात ओला होता म्हणून नाही फिसकटली सही." त्या जरा हसल्या. "मला वाटलं, यांच्या नजरेतून काही सुटत नाही. यांनी बघितलंय. कंपनीला लिहून कळवलंय, म्हणजे आता सगळं रीतसर होईल. मग तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, डॉक्टरकडे गेलं की खर्च निघेल म्हणून गप्प असतील. मग मीही गप्प बसले. दोघांना ठाऊक आहे, एवढं पुरे होतं मला."

इथं भाऊसाहेबांना गप्प बसता आलं असतं. कुठल्याही शहाण्या नवऱ्यानं तेच केलं असतं. पण ज्या माणसानं जन्मभर खऱ्या नोंदी केल्या, त्याला नेमक्या नको त्या वेळी खरं बोलायची हुक्की येते.

"मी बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "मी नुसता रकाना भरला होता."

बाहेर कंपाउंडर कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते की पाणी उकळून प्यावं. वहिनींनी कप उचलला, त्यात पाहिलं, पुन्हा खाली ठेवला. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं, त्यामुळे त्यांचा चहा नेहमी अर्धाच असे.

"हे नसतं सांगितलंत तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या.

संपूर्ण वही भाऊसाहेबांनी कंपनीला पाठवली नाही. पाठवून उपयोग नव्हता. ती वही कंपनीच्याच बाजूनं साक्ष देणारी होती. ओळ आहे तिथं आहे, खरी आहे, आणि भाऊसाहेबांच्या हस्ताक्षरात आहे. तिसरी फेरी सुरू झाली नाही. दुसरीचं कसं करायचं, हे येत्या उन्हाळ्यात बघू, असं दोघांनी ठरवलं आहे. सतरावं पानही परत आलं नाही. वहिनींचं निरोगी पाऊल आता कुठल्यातरी मोठ्या शहरात, विमा कंपनीच्या फायलीत, आवक क्रमांक पडून पडलेलं आहे.

पुढच्या गुरुवारी दोघं मापवाल्यांच्या टपरीवर गेली. जुन्या चपलेचा पट्टा आता लागेनासा झाला होता. मापवाल्यांनी विचारलं, माप यंत्राच्या आदल्या दिवसाचं घ्यायचं की नंतरच्या? कारण दोन्हींत बोटभर फरक पडतो. वहिनी म्हणाल्या, आदल्या दिवसाचं घ्या, आता तेच जास्त दिवस असतं.

मापवाल्यांचे गुडघे धरले होते. त्यांना खाली बसवेना. तेव्हा भाऊसाहेबांनी वही मागून घेतली, टपरीपुढे रुमाल अंथरला आणि त्यावर बसले. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात टेकून पाऊल पानावर ठेवलं. भाऊसाहेबांनी पेन्सिल टाचेपासून सुरू केली आणि अगदी सावकाश फिरवली, कारण कडेला नुसतं टेकलं तरी कातडीवर खळगा पडत होता आणि तो भरून यायला वेळ लागत होता.

"दुखतंय का?"

"नाही."

त्यांनी मान वर करून पाहिलं.

"दुखतंय थोडं," वहिनी म्हणाल्या.

चप्पल किती टिकेल, वहिनींनी विचारलं. मापवाले म्हणाले, दोन वर्षं पाहायला नको. वहिनी म्हणाल्या, मग निम्म्या किमतीत द्या, मला एवढी लागायची नाही. यावर मापवाले दोऱ्याला मेण लावत राहिले, आणि भाऊसाहेबांनी तारीख घातली, नाव घातलं, पानाला क्रमांक घातला. मग शेऱ्यापाशी ते अडले. पेन्सिल कागदावर टेकलेली, आणि लिहायला काही सुचेना.

वहिनींचा हात अजून त्यांच्या खांद्यावरच होता.

"लिहा की," त्या म्हणाल्या. "पट्टा सैल ठेवणे."

भाऊसाहेबांनी लिहिलं.

"आणि त्याच्या खाली लिहा, भाऊसाहेबांना कळवलं."